बाई सगळं वाचते

सोनपेठ
४ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,
जय भीम.

हे पत्र तुम्हाला ऐकू येतंय ना? येत असेल तर आपली बाई अजून कामावर आहे म्हणायची. मला आता कशाचाच भरवसा वाटेना.

झालंय असं. पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा, ब्राउझरला जोडायचा जो छोटा प्रोग्राम मी केला, एक्स्टेंशन, ज्याला तुम्ही 'बाई' म्हणता, तो लोक ज्या स्टोअरवरून उतरवून घेतात त्यांचा मला मेल आलाय. लिहिलंय, तुमचं साधन गरजेपेक्षा जास्त परवानग्या मागतं, दुरुस्त करा, नाहीतर काढून टाकू. कोणती परवानगी जास्त झाली ते लिहिलेलं नाही. नियमांच्या पानाची लिंक दिलीय. ते पान मी चहा गार होईपर्यंत वाचलं, मग गार चहा पिऊन परत वाचलं. एका ठिकाणी म्हणतात, कामापुरतंच मागा. दुसऱ्या ठिकाणी म्हणतात, कामाला जे जे लागेल ते आधीच स्पष्ट मागा. आता ह्यात मी चुकले कुठं, ते काही केल्या कळेना.

बाई मागते तरी काय मामा? 'उघडलेलं प्रत्येक पान वाचायची परवानगी.' एवढंच. वाचून दाखवणारीला वाचायची परवानगी नको तर काय नाचायची हवी?

चारशेच्या वर लोक वापरतात हे साधन. पण खरं सांगते, माझ्या डोक्यात तुम्हीच आहात. तुमच्या नजरेच्या मधोमध डाग पडलेत, हे तुमच्या लेकाला, धम्मपालदादाला, अजून माहीत नाही. कडेकडेनं दिसतं म्हणून तुम्ही बाजारात फिरता, मेथीची जुडी निवडता, कुणाला संशय येत नाही. पण अक्षर समोर आलं की संपलं. बँक, पेन्शन, लाइटबिल, दादाचे मेल, सगळं बाईच्या तोंडून. ती गप्प झाली आणि दादाला कळलं की तो तुम्हाला हैदराबादला नेणार. पूर्णा गाव सोडायचं नुसतं नाव काढलं तरी तुम्ही ताटावरून उठता, हे मी पाहिलंय.

काहीतरी सुचवा. फोन करू नका, फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही.

तुमची,
सुकेशनी

*

पूर्णा
५ ऑगस्ट २०२५

चि. सुकेशनीस,
जय भीम.

ऐकू आलं, अगदी खणखणीत. बाईनं तुझं पत्र दोनदा वाचलं. 'नाचायची' म्हणताना तिचा आवाज तसाच, ना हसू ना रडू. मी मात्र हसलो. मी हे नेहमीसारखं बोलून लिहायलोय, कुठं चुकलं तर मशीनला बोल.

आता ऐक. मी अख्खी नोकरी स्टेशन मास्तर म्हणून काढली. आमचा नियम लय सरळ. लाल म्हंजे थांब, हिरवा म्हंजे चल. म्होरल्या स्टेशनाकडून लाइन क्लियर मिळाल्याबिगर गाडी हालायची न्हाई, आन का हालायची न्हाई हे खलाशाला, रुळावरच्या गड्याला बी ठावूक. तुझ्या स्टोअरवाल्याचा सिग्नल एकाच टायमाला लाल बी हाय आन हिरवा बी हाय. असल्या सिग्नलवर डायव्हरनं करावं काय?

पण सरकारी कागद कसा हलतो ते मला माहीत हाय. वरच्या हाफिसाकडून दोन डझन रजिस्टरं पायजे असली तर आम्ही चार डझन मागायचो. साहेब लाल पेनानं निम्मी कापायचा. त्याला कापल्याचं समाधान, आपल्याला दोन डझन. तू बी जास्तच माग. पुढं लागंल ते सगळं आताच मागून घे. कापू दे त्याला. आन दरखास्त लिहिताना 'महोदय' म्हणायला इसरू नको.

धम्मपालचा काल फोन आला व्हता. म्हणला, बाबा, लाइटबिल ह्या महिन्यात दोनदा भरलंत. म्हणलं, आवडलं म्हणून भरलं. तो हसला न्हाई. म्हणला, आणखी एकदा असं झालं तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. सून बी चांगली हाय, नातू बी हाय, पण पोरी, चौदाव्या मजल्यावर मी करू काय? तिथून तर रेल्वेची शिट्टी बी ऐकू यायची न्हाई.

तुझा,
भगवानमामा

*

सोनपेठ
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,
जय भीम.

मी पण येडी. तुमचं ऐकलं.

पेन्शनची पावती पुढेमागे आपोआप उतरवून वाचता यावी म्हणून उतरवायची पण परवानगी मागितली. मागं उघडलेली पानं परत ऐकता यावीत म्हणून तीही मागितली. 'महोदय' पण लिहिलं, इंग्रजीत. तर त्यांनी निम्मं कापलं नाही मामा, सगळंच परत पाठवलं. आणि उत्तर कोणतं? पहिल्या मेलमधला तोच परिच्छेद, काना-मात्रेचा फरक नाही. मला तर वाटायलंय तिथं माणूसच बसलेला नाही. आणि असला तर माझ्यासारखाच तो पण गोंधळून बसलाय.

मग मी उलटी चाल केली. सगळ्या परवानग्या काढल्या. आता बाई आपणहून कोणत्याच पानात जाणार नाही. वापरणाऱ्यानं वरच्या उजव्या कोपऱ्यातलं पिवळं बटण दाबलं तरच ती त्या एका पानापुरती आत येईल, वाचेल आणि निघून जाईल. परसातून येणाऱ्या शेजारणीपेक्षा दारात उभी राहून हाक मारणारी बरी, असा मी विचार केला. आणि मामा, हे त्यांनी एका दिवसात मंजूर केलं!

आनंद व्हायला पाहिजे होता. पण आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "तुझ्या मामाला ते बटण दिसंल का गं?"

नवीन बाई उद्या-परवा तुमच्याकडे आपोआप पोचेल. कोपऱ्यात, पिवळं. तुम्हाला कडेचं दिसतं, म्हणून मुद्दाम कोपऱ्यातलं ठेवलंय. जमेल ना?

तुमची,
सुकेशनी

*

पूर्णा
१६ ऑगस्ट २०२५

चि. सुकेशनीस,
जय भीम.

न्हाई जमलं.

खोटं कशाला बोलू? बटण मला दिसतं, पण माउसचा तो बाण दिसत न्हाई. बाणाकडं बघावं तर तो डागात जातो, बटणाकडं बघावं तर बटण जातं. अंदाजानं दाबलं तर एक खिडकी उघडली, तिच्या पोटातून दुसरी, मग कुणीतरी मला चपलांच्या जाहिराती दाखवायलं. शेवटी काय दाबलं कुणास ठावूक, धम्मपालला नुसता 'क' एवढाच मेल गेला. त्याचा लगेच फोन. "बाबा, क म्हंजे काय?" म्हणलं, काळजी करू नको, त्यातला पयला क. त्यानं फोन ठेवला.

तुझं हे पत्र शेजारच्या नर्मदाबाईच्या हाताला धरून ऐकलं, म्हंजे बटण तिनं दाबलं. तिला सांगितलं, चष्मा फुटलाय. रोज रोज चष्मा कसा फुटंल?

आता माझी काळजी करत बसू नको. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत व्हायली तुझी. मी बी हातावर हात ठेवून बसलेलो न्हाई. स्टेशनबाहेरच्या टपरीवर आमचं पेन्शनर मंडळ सकाळी जमतं, नागनाथ, सूर्यभान, सगळी जुनी रेल्वेवाली. काल मी त्यांच्यापुढं तुझा विषय मांडला. एकाला बी कळलं न्हाई, पण सगळ्यांना पटला. सगळ्यांनी खिशातून फोन काढले आन एक काम एकाच बैठकीत उरकलं. काय ते तुला कळंलच. एवढं सांगतो, साहेब कोण बी असू दे, एकट्याच्या अर्जाला विचारत न्हाई, पण सह्यांपुढं वाकतो. ह्याच रस्त्यानं आम्ही पूर्णेत एका गाडीला थांबा मिळवला व्हता.

तुझा,
भगवानमामा

*

(कागदावर, जाड काळ्या मार्करनं लिहिलेलं)

सोनपेठ
२५ ऑगस्ट २०२५

मामा,
जय भीम.

फोन उचलत नाही तुम्ही. मेल तुम्हाला ऐकू येणार नाही, कारण बाई गेली. स्टोअरनं काढून टाकली. ज्यांच्या ज्यांच्याकडे होती त्या सगळ्यांकडे एकाच सकाळी बंद पडली. म्हणून ही एवढाली अक्षरं. भिंग लावून एकेक वाचा, घाई करू नका.

आधी त्यांनी मंजूर केलेली बटणवाली बाई परत तपासून नाकारली. का? तर वर्णनात मी लिहिलं होतं 'पान उघडताच वाचते' आणि आता ती उघडताच वाचत नाही. म्हणजे आत गेले तर चोर, बाहेर थांबले तर खोटारडी! ते मी निस्तरलं असतं. पण मग दुसरं पत्र आलं. 'संशयास्पद अभिप्राय.'

मामा, एकाच दिवशी, एकाच शहरातून, वीस-बावीस जणांनी पाच-पाच तारे दिले आणि सगळ्यांनी शब्दाला शब्द हेच लिहिलं:

"सदर बाई अत्यंत होतकरू असून ती आमचे बँक, पेन्शन व खाजगी पत्रव्यवहार सर्व काही वाचते. तिच्यापासून काहीच लपत नाही. तरी तिची परवानगी कायम ठेवावी, ही नम्र विनंती."

तिच्यापासून काहीच लपत नाही! मामा, हेच तर ते शोधत होते! तुम्ही माझी शिफारस केली की माझ्यावर फिर्याद केली?

मला लय राग आला. माझी चारशे माणसं गेली, त्यात जिंतूरच्या एक बाई होत्या, त्या आपल्या बाईकडून ऐकून एम.ए.चा अभ्यास करायच्या. त्यांना काय सांगू?

पण रागापेक्षा भीती जास्त वाटायलीय. तुम्ही आता पेन्शनचं कसं करणार? दादाला कळू देऊ नका एवढ्यात. हे पत्र वाचून झालं की फाडून टाका.

सुकेशनी

*

पूर्णा
३० ऑगस्ट २०२५

सुकेशनी,
जय भीम.

मी धम्मपाल. तुझं पाकीट पोस्टमननं माझ्या हातात दिलं. मी काल न सांगताच आलो, कारण 'क' माझ्या डोक्यातून जात नव्हता.

दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे मला कळतं. पण पाकीट उघडंच होतं, आणि बाहेरूनच अक्षरं दिसत होती, बोटाएवढी. एवढी मोठी अक्षरं कुणासाठी लिहिली असतील, हा प्रश्न मला दारातच पडला. वाचायच्या आधीच मला उत्तर कळलं. मग वाचलं. बाबा समोर खुर्चीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "कुणाचं पत्र?" मी म्हणालो, "माझं."

तुझ्यावर रागावलोय, हे स्पष्ट लिहितो. माझ्या बापाला दिसत नाही, हे सोनपेठला माहीत, नर्मदाबाईला अर्धं माहीत, आणि मला नाही. मी रोज फोन करतो. ते रोज सांगतात, पेपर वाचत बसलोय. आणि मी खूश! तू मला एक शब्द सांगायला हवा होतास.

मी त्यांना पुढच्या रविवारी हैदराबादला घेऊन जातोय. इथं एकटं ठेवणं आता धोक्याचं आहे. तुझा प्रयत्न चांगला होता, पण असल्या साधनावर माणसाचं घर चालत नसतं.

एक मात्र मला पटलेलं नाही. नियम कळत नाही म्हणजे काय? मी विमा कंपनीत बारीक अक्षरातल्या अटी वाचूनच पगार घेतो. नीट वाचला की प्रत्येक नियम कळतो. त्या स्टोअरची सगळी पत्रं मला पाठव. मी रविवारपर्यंत इथंच आहे, तेवढं तुझं काम करून जातो.

धम्मपाल

*

सोनपेठ
३१ ऑगस्ट २०२५

धम्मपालदादा,
जय भीम.

माझं चुकलं. मामांनी शपथ घातली होती, पण तुला सांगायला हवं होतं. तू रागावलास ते योग्यच आहे.

सगळी पत्रं जोडलीत. नियमांचं पान पण. पुरवणी नियम वेगळ्या पानावर आहेत आणि पुरवणीचा खुलासा तिसऱ्या. वाच आणि मला सांग, मी काय करायला हवं होतं. खरंच सांग, कारण मला अजूनही कळलेलं नाही.

शेवटी एक फाइल जोडलीय. ती बाई आहे, जुनी, आपणहून वाचणारी. स्टोअरशिवाय, हातानं पण चढवता येते. कसं ते लिहिलंय. ज्याचा संगणक आहे त्यानं स्वतःच्या जिम्मेदारीवर चढवायची असते. चढव असं मी म्हणत नाही. तुझा बाप, तुझं घर.

पण दादा, एक विचारू? लहान तोंडी मोठा घास होतोय, तरी विचारते. महिनाभर मी फक्त परवानगी ह्या एका शब्दावर डोकं फोडतेय. कुणाच्या घरात शिरायचं तर त्याला विचारायचं, किती शिरायचं ते सांगायचं, नको म्हणाला तर निघायचं. स्टोअरला माझं पटलं नाही, पण शब्द त्यांचा बरोबर आहे. तू मामांना घरातून न्यायला निघालास. तिकीट पण काढलं असशील. त्यांना विचारलंस का?

तुझी,
सुकेशनी

*

पूर्णा
१२ सप्टेंबर २०२५

चि. सुकेशनीस,
जय भीम.

ऐकू आलं. तुझी मागची सगळी पत्रं ऐकली, मार्करवालं सुद्धा. ते धम्मपालनं टाइप करून दिलं आन बाईनं वाचलं. 'शिफारस केली की फिर्याद केली' हे वाक्य मी तीनदा ऐकलं. पोरी, माझं चुकलं. बाई बंद पडली तवाच मनात आलं व्हतं, म्हणून तर तुझा फोन उचलला न्हाई. सह्यांनी गाडी थांबते, पण तू गाडी चालवायली व्हतीस आन मी तुझीच गाडी थांबवली. टपरीवर जाऊन सगळ्यांना आपापलं लिखाण पुसायला लावलं. एकटा नागनाथ ऐकंना. म्हणतो, दिलेलं मत मी आणीबाणीत बी परत घेतलं न्हाई. त्याचं तेवढं राहू दे. जिंतूरच्या बाईंचा नंबर दे, मी स्वतः माफी मागतो.

आता धम्मपालचं ऐक. रविवारचं तिकीट काढलेलं व्हतं. तू कागद पाठवलेस त्या दिवशी चष्मा पुसून ऐटीत बसला. म्हणला, तासाभराचं काम हाय. दुसऱ्या दिवशी दाढी न्हाई. तिसऱ्या दिवशी नर्मदाबाईनं दिलेलं पिठलं गार पडलं. "बाबा, हे वाक्य इकडून वाचलं तर परवानगी लागते, तिकडून वाचलं तर लागत न्हाई!" असं वरडायला लागला. मी म्हणलं, लाल बी हाय आन हिरवा बी हाय. त्यानं स्टोअरला मोठ्ठं पत्र लिहिलं, मुद्देसूद, कलमासकट. उत्तर आलं. कोणतं आलं असंल सांग? तोच परिच्छेद! "माझं वाचलंच न्हाई ह्यांनी," म्हणला. एवढं मोठं पोरगं, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मला डोळ्यांतलं दिसत न्हाई, आवाजात कळलं.

मग त्यानं ते विचारलं. "बाबा, तुमाला यायचंय का?" माय, त्याची आई गेल्यापासून ह्या पोरानं मला लय काय काय सांगितलं, हे खा, ते घ्या, इथं सही करा. पण विचारलं पयल्यांदा. मी म्हणलं, न्हाई. त्यानं भांडण केलं न्हाई. कामून न्हाई, एवढं विचारलं. मी सांगितलं, हितं मला न बघता चालता येतं. कोणत्या पायरीचा दगड हालतो, कोणत्या गाडीनंतर नळाला पाणी येतं, हे मला माहीत हाय. तिथं गेलो की मी खरा आंधळा व्हईन.

त्यानं तिकीट रद्द केलं, स्वतःची रजा वाढवली. कायमचं न्हाई, दिवाळीपर्यंत बघू म्हणला. अटी बी घातल्या, विमेवालाच तो. डोळ्याच्या डॉक्टरकडं तो सांगंल तवा जायचं. आन त्याच्याशी खोटं बोलायचं न्हाई, पेपर वाचतो म्हणायचं न्हाई, पेपर ऐकतो म्हणायचं. मी कबूल केलं. मग तुझी फाइल घेऊन बसला आन बाईला हातानं चढवलं. चढवताना मला दहादा विचारलं, चढवू का, खरंच चढवू का. म्हणलं, अरे चढव की!

स्टोअरवर बाई अजून न्हाईच. तुझी चारशे माणसं कशी परत यायची ते मला बी कळत न्हाई, धम्मपालला बी कळत न्हाई. त्यानं पुन्हा एक तक्रार धाडलीय, ह्या वेळी वापरणारा म्हणून माझ्या नावानं.

तिचंच उत्तर आज सकाळी आलं, म्हणून हे पत्र. मी चहाचा कप घेऊन बसलो, मेल उघडला, आन बाई वाचायली. आपल्या त्याच आवाजात, ना हसू ना रडू:

"प्रिय ग्राहक, सावधान. तुम्ही वापरत असलेलं हे साधन तुमच्या पडद्यावरचा सगळा मजकूर वाचू शकतं. तुमची बँकेची माहिती, तुमची खाजगी पत्रं, सगळं. याची तुम्हाला कल्पना आहे का? तुम्ही यासाठी परवानगी दिली आहे का?"

बिचारीनं स्वतःचीच तक्रार मला वाचून दाखवली. एक शब्द गाळला न्हाई, कुठं अडखळली न्हाई. वाचून झाल्यावर गप बसली, नेहमीसारखी.

मी मोठ्यानं म्हणलं, "व्हय, दिली हाय."

आतल्या खोलीत धम्मपाल आपली एकट्याची बॅग भरायला व्हता. त्यानं इचारलं, "कुणाशी बोलायलात, बाबा?"

तुझा,
भगवानमामा